मोहाचा दोरा दिसेल असा दिवा

"गेला बाई तुझा दिवा. आता नाई लागत तो." विभागातल्या भाऊंनी मला घरच्या माणसाची खबर द्यावी तसं सांगितलं. भाऊ म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातले प्रयोगशाळेचे परिचर. माझा जन्म व्हायच्या आधीपासून ते त्या खोलीत आहेत.

दिवा माझा नव्हता, चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजचा होता. पण त्या वर्षी मी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा सगळा प्रकल्प त्याच्यावर अवलंबून होता, म्हणून भाऊ त्याला माझा म्हणायचे.

साध्या सूक्ष्मदर्शकात उजेड खालून येतो आणि वस्तूतून आरपार जातो. आमच्याकडे एक दुसरा, जुना सूक्ष्मदर्शक आहे. त्यात उजेड वरून वस्तूवर पडतो, आणि वस्तूला जो खास रंग दिलेला असतो तो रंग स्वतःच पेटल्यासारखा दिसू लागतो. बाकी सगळं काळं. पहिल्या वर्षाला असताना विभागातल्या आमच्या मॅडमनी त्यात आम्हाला सदाफुलीच्या फुलातले परागकण दाखवले होते. परागकणातून एक बारीक नळी निघते आणि फुलाच्या मधल्या दोऱ्यातून खाली, बीज जिथे होणार तिथपर्यंत वाढत जाते, हे मी पुस्तकात वाचून पाठ केलं होतं. त्या दिवशी ती नळी मला दिसली. काळ्या अंधारात हिरवट पांढरी रेघ, जिवंत असल्यासारखी. माझ्यामागे रांगेत उभ्या मुलीने दोनदा खांद्याला हात लावला तरी मी डोळा काढला नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि ही रेघ आमच्यापैकी मीच पहिल्यांदा बघते आहे, असं काहीसं तेव्हा मनात आलं. कोणाला सांगितलं नाही. हसले असते.

मग प्रकल्पाचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी घाबरत घाबरत आमच्या मोहाच्या झाडाचं नाव काढलं. आमचं गाव अहेरीकडे आहे. नाल्याच्या काठावर आमच्या वाट्याचा एक मोह आहे. त्याला फुलं इतकी येतात की आई-बाबांना वेचून पुरं होत नाही. पण टोरी, म्हणजे मोहाचं बी, ज्याचं आम्ही तेल काढतो, ती मात्र हाताच्या बोटावर. गावात सगळे म्हणतात, तो मोह फुलाचा आहे, टोरीचा नाही. असं का, हे कोणी विचारत नाही. मॅडमनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, हाच विषय घे. परागनळी दोऱ्यात शिरते का, शिरली तर कुठपर्यंत जाते, बघ.

आणि मोहाचा हंगाम तोंडावर आला असताना दिवा गेला.

तो दिवा पाऱ्याचा होता. लावला की अर्धा तास तापू द्यायचा, लावल्यावर लगेच बंद करायचा नाही, बंद केला की थंड झाल्याशिवाय परत लावायचा नाही. नाहीतर काच फुटते आणि पाऱ्याची वाफ खोलीभर. भाऊ त्याचे तास एका वहीत लिहून ठेवायचे आणि आम्ही कोणी घाईत बटणाकडे हात नेला की नुसते खाकरायचे. आता तसला दिवा परत घ्यायचा नाही, असं विभागप्रमुख सरांनी ठरवलं होतं. एलईडी घ्यायचा. पण आमच्या जुन्या यंत्राला एकाच एलईडीची जागा होती आणि मंजुरीही एकाचीच. सर म्हणाले, ज्यात जास्त उजेड तो घ्या. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू शोधून काढ कोणता ते.

मी! मला आमच्या खोलीतला बल्ब बदलायचा तरी दुकानदार देईल तो घेऊन येते.

पण पुढचे आठ-दहा दिवस मी त्या एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. ग्रंथालयात बसायचे, मॅडमनी दिलेले माहितीचे कागद वाचायचे, आणि हळूहळू कळायला लागलं. पाऱ्याचा दिवा सगळ्या रंगांवर सारखा जोर लावत नाही. काही ठरावीक रंगांवर तो जोरात असतो, आणि त्यातला एक जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड. एलईडी तसा नसतो. एक एलईडी जवळजवळ एकच रंग देतो. निळा तो निळा. अतिनील तो अतिनील. मी परागनळ्यांना जो रंग देते तो अतिनील उजेडाने पेटतो. निळ्याने जवळपास नाही. शिवाय आमच्या यंत्रात एक काचेची चाळणी आहे, ती ठरावीक उजेडच पुढे जाऊ देते. म्हणजे रंगाला कोणता उजेड चालतो, चाळणी कोणता सोडते आणि दिवा कोणता देतो, हे तिन्ही एकावर एक बसायला हवं. नाहीतर कितीही झगझगीत दिवा आणा, काही उपयोग नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिन्हीच्या पट्ट्या काढल्या, तीन वेगळ्या पेनांनी. अतिनीलच्या जागी तिन्ही पट्ट्या एकाखाली एक आल्या तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच हसले.

मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, बरोबर आहे, पुढच्या वर्गाच्या बुरशीच्या कामालाही हाच लागेल, पण सरांना कागद पुरणार नाही. कंपनीचा माणूस नागपूरहून दोन्ही दिवे घेऊन येणार होता, एक दिवस दाखवायला. त्या दिवशी तुझी स्लाइड तयार पाहिजे, म्हणाल्या. दोऱ्यातली नळी सरांना दिसली की झालं. नाही दिसली तर निळा येईल, तो सगळ्यांना आवडतो. आणि नमुने फांदीवरून घे, फुलं पडून गेल्यानंतर सकाळी.

मी मान डोलावली. तिथेच माझं चुकलं.

मोहाचं फूल आपोआप पडतं. पडतो तो रसाळ, पांढुरका भाग, आणि मधला बारीक दोरा मात्र फांदीवरच राहतो, पुढे फळ व्हायला. मला तोच हवा होता. पण आमच्या घरी मोहाच्या फांदीला वर हात लावत नाहीत. मोह देतो तेवढं खालून उचलायचं. पंडुम झाला, म्हणजे नव्या फुलांची देवाला पूजा झाली, तरीही नाही. लहानपणी मी एकदा खेळताना एक घोस ओढला होता तेव्हा बाबा दिवसभर बोलले नव्हते. हे सगळं मॅडमना कसं सांगायचं? विज्ञान शिकायला आलेली मुलगी असलं काही मानते, असं वाटेल. मी काहीच बोलले नाही. कॉलेजातून नमुने टिकवायच्या द्रावणाच्या दोन बाटल्या घेतल्या आणि गोंडपिपरीवरून जाणाऱ्या बसने घरी गेले.

पहाटे तांबडं फुटायच्या आधी मी आईबरोबर नाल्यावर गेले. झाडाखालचा पाला आधीच जाळून भुई काळी करून ठेवलेली. टप टप फुलं पडत होती आणि वास तर असा की कॉलेज, दिवा, सगळं विसरावं. मी बॅटरी छातीशी धरून सगळीकडे उजेड टाकत होते आणि मला नीट काही दिसत नव्हतं. सगळं सारखंच पांढुरकं.

"काऊन आभायाले दाखवून राह्यली?" आई म्हणाली. "भुईशी धर. जेवढं वेचाचं तेवढंच दिसलं पायजे."

तिने स्वतःची बॅटरी जमिनीवर आडवी ठेवली होती. उजेड भुईला लागून सरळ जात होता, आणि त्या काळ्या भुईवर एकेक फूल वेगळं उठून दिसत होतं. मी हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी त्या दिवशी ते नव्याने बघितल्यासारखं वाटलं, आणि सूक्ष्मदर्शकातला काळा अंधार आठवला.

मी आईला सांगितलं, मला फूल नको, फुलाच्या मागे राहतो तो दोरा पाहिजे. तिने वर फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पडलेले दोन-तीन घोस उचलले. वटवाघळं रस खायला येतात तेव्हा अख्खे घोस तुटून पडतात, त्यांतल्या कळ्यांना दोरे होतेच. मोहाचा दोरा कळीतूनच बाहेर डोकावतो, त्यामुळे दिसायला सारखाच.

"हे तं वटवाघळानं तोडलेलं हाये. कवळं हाये अजून," आई म्हणाली.

"चालते," मी म्हणाले.

चालत नव्हतं, हे मला माहीत होतं. कोवळ्या कळीत पराग पोचला नसेल तर नळी कुठून असणार? पण मी ते बाटलीत टाकले आणि लेबलावर लिहिलं: फांदीवरून. दुसरी बाटली नुसत्या द्रावणाची तशीच राहिली, ती घरीच चुलीपासून लांब ठेवून मी परत आले.

चार दिवसांनी चंद्रपूरच्या बसस्थानकावरून फोन आला. आमच्याकडच्या बसच्या कंडक्टरकडे आईने पिशवी दिली होती. आत तीच दुसरी बाटली, गळ्याला हळदीत पिवळा केलेला दोरा बांधलेला. बाटलीत पंधरा-सोळा दोरे होते, फूल पडून गेलेले, बुडाशी हिरवा देठ असलेले. असे दोरे खाली पडत नाहीत. ते फक्त फांदीवरूनच मिळतात. मी आईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली की थोडं पाठवलं, पाहून घे.

मी ती बाटली कपाटात मागे ठेवली. तिच्यावर लेबल नव्हतं, वेळ नव्हती, तारीख नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ती पुढे काढली असती तर पहिलीचं लेबल खोटं ठरलं असतं. तरी दिवे बघायचा दिवस ठरला त्याच्या आदल्या दिवशी पहिल्या बाटलीतले दोरे रंगात टाकताना मी आईच्या बाटलीतलेही चार टाकले. भाऊ बाजूला काचा पुसता पुसता बघत होते.

कंपनीचे दादा मोठ्या उत्साहाचे होते. त्यांनी आधी निळा दिवा लावला, स्वतःच्या पेटीतली तयार स्लाइड ठेवली, आणि सरांनी डोळा लावताच वा म्हटलं. मीही पाहिलं. खरंच सुंदर होतं, पावसातल्या धानासारखं हिरवंगार. भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "नवरीवाणी सजवून आणलं हाये." मग अतिनील दिवा. अतिनील उजेड डोळ्यांना लागू नये म्हणून नारिंगी पडदा पुढे लावला, मॅडमनी माझी स्लाइड ठेवली. सरांनी पाहिलं. भिंग फिरवलं, परत पाहिलं. मॅडमनी पाहिलं. मग मी. दोऱ्याची मंद निळसर सावली, आणि आत काहीच नाही. सर म्हणाले, हा दिवा कमजोर दिसतो. दादा म्हणाले, "सर, मी तर आधीच म्हटलं ना, निळा घ्या, झंझट नाही," आणि त्यांनी कागद काढला.

त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं. मी गप्प बसले असते तर निळा आला असता. माझ्या प्रकल्पात मी 'नळ्या आढळल्या नाहीत' असं लिहिलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. मोह फुलाचाच राहिला असता.

"सर, दिव्यात खोट नाही," मी म्हणाले. "माझ्या फुलात आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं की ते दोरे फांदीवरचे नाहीत, खाली पडलेल्या कळ्यांचे आहेत, त्यांत नळी असायचं कारणच नाही. मॅडमनी बाटली उचलली आणि लेबल वाचलं.

"इथे फांदीवरून लिहिलंय."

"हो मॅडम. मी खोटं लिहिलं."

आमच्याकडे वर हात लावत नाहीत, हेही मग सांगितलं, अडखळत. सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडमनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हे तू मला तेव्हाच सांगायचं होतं. आपण काहीतरी वाट काढली असती." त्यांच्या आवाजात राग कमी होता. त्यामुळेच मला जास्त लागलं.

तेवढ्यात भाऊ खाकरले, दिव्याच्या बटणाकडे हात गेला की खाकरायचे तसेच. "दुसरी बाटली हाये ना इची," ते म्हणाले. "पिवळ्या दोऱ्याची. काल त्याचेही चार रंगात टाकले हिनं."

रंगात टाकलेल्या त्या चारांतला एक मी काचेवर ठेवला. आईचा दोरा भिंगाखाली आला. आधी नुसतं धुकं. देठावरचे केस, साल, सगळंच चमकत होतं आणि त्या चमकीत दोरा हरवला होता. सर मागून म्हणाले, उजेड वाढवा. दादांनी वाढवला तर आणखी पांढुरकं झालं, छातीशी धरलेल्या बॅटरीसारखं.

आणि मला आई आठवली.

मी दादांना उजेड खाली आणायला सांगितलं. मग यंत्राच्या बाजूचा पडदा, ज्याने उजेडाचं वर्तुळ लहान-मोठं करता येतं, तो हळूहळू बंद करत आणला. देठ गेला. केस गेले. फक्त दोऱ्याच्या टोकाजवळचा टिकलीएवढा तुकडा उजेडात राहिला, बाकी काळी भुई. आणि त्या तुकड्यात रेघा होत्या. एक, मग तिच्याशेजारी दुसरी, हिरवट पांढऱ्या, मध्ये मध्ये ठळक ठिपके असलेल्या. मी सात मोजल्या. परत मोजल्या. सातच.

"मॅडम," एवढंच मला म्हणता आलं.

मॅडमनी पाहिलं. सरांनी पाहिलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग दादांना म्हणाले, हीच स्लाइड निळ्यात दाखवा. दादांनी दिवा बदलला, त्याची चाळणी लावली. पिवळट धुकं, रेघ एकही नाही. परत अतिनील, परत सात रेघा. आता दादाच माझ्यापेक्षा जास्त खूष होते, त्यांनी मोबाइल भिंगाला लावून फोटो काढला. सरांनी भाऊंना बोलावलं. भाऊंनी चष्मा वर केला, वाकले, आणि म्हणाले की पाऱ्यात याच्याहून बरं दिसलं असतं. सगळे हसले. सर म्हणाले, "हा लिहा," आणि कागदावर अतिनील लिहिला गेला.

सगळे गेल्यावर मॅडमनी मला पहिल्या बाटलीचं लेबल खोडून खरं लिहायला लावलं. मी लिहिलं: जमिनीवरून, वटवाघळाने तोडलेले घोस, कळी अवस्था. मग त्या म्हणाल्या, दुसरीची वेळ आणि फांदी आईला विचार, तीही लिही. मी तिथूनच फोन लावला. आईने सगळं सांगितलं, जणू तिला माहीतच होतं की कोणीतरी विचारणार. उन्हं यायच्या आधी, फुलं पडून झाल्यावर, नाल्याच्या बाजूच्या खालच्या फांदीवरून.

"बाबा काही म्हणाले का?" मी विचारलं.

"मी झाडाले सांगतलं होतं आधी. पोरीच्या कामाले पायजे म्हणून. मंग कोणी काय म्हणन?"

नवा दिवा उन्हाळ्यात आला, परीक्षा तोंडावर असताना. हाताच्या मुठीत मावेल एवढा. भाऊंनी तो बसवला, बटण माझ्याकडे केलं आणि सवयीने म्हणाले, "थांब, तापू दे." मी दाबलं होतं आणि तो केव्हाच लागला होता. भाऊ त्याच्याकडे जरा नाराजीनेच बघत राहिले.

आईच्या बाटलीत अजून अकरा दोरे होते. मी रोज दोन रंगवायचे. बघायचं तेवढाच वेळ दिवा लावायचा, नाहीतर रंग विझत जातो, आणि ह्या दिव्यात ते चालतं, लाव, बघ, बंद कर. पडदा बारीक करून मी टोकापासून खाली एकेक रेघ धरून जायचे. सुरुवातीला सगळ्या जोरात निघालेल्या. पण प्रत्येक दोऱ्यात, साधारण तिसऱ्या हिश्शावर, रेघेचं टोक फुगायचं आणि तिथेच थांबायचं. खाली एकही पोचली नव्हती. पहिल्या दोऱ्यात मला वाटलं चुकलं. अकराव्यापर्यंत तेच दिसत राहिलं. मॅडम म्हणाल्या, एका झाडावरून काही ठरवायचं नसतं. पण त्यांनीही अकराच्या अकरा पाहिले.

मी आईला फोन करून सांगितलं की आपल्या मोहात पराग शिरतो, पण अर्ध्या वाटेतच थांबतो. बहुतेक तो स्वतःचाच पराग असतो आणि झाडाला तो चालत नाही. बहुतेक, हे मी दोनदा म्हणाले.

तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मंग टेकडीवरच्या मोहाचा आणून लावला तं?"

मला खुर्चीवरून उठून उभं राहावंसं वाटलं. पुढचा प्रयोग नेमका हाच होता. मॅडमनी तो आदल्याच दिवशी माझ्या वहीत लिहून दिला होता.

"पुढच्या साली करू," मी म्हणाले. "पण आई, त्याला फांदीवर हात लावावा लागन. एकदा नाई, रोज."

"लावू," आई म्हणाली. "तू ये. झाडाले मी विचारतो."